मधल्या जुव्याचा मान

माझा हात लवकर उठतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा हातखंब्याला भर गर्दीच्या एसटीत मागून खेटणाऱ्या एका गृहस्थाच्या मी अशी कानाखाली वाजवली की कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. नवरा दोन सीट पुढे बसला होता. त्याने वळून पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. बारा वर्षांच्या संसारात त्याला माझा हात चांगला ठाऊक झाला आहे. रत्नागिरीत ज्या शाळेत मी शिकवते तिथे मुलांना बोट लावायची सोय नाही, म्हणून मी खडू मोडते. दिवसाला चार-पाच तरी मोडतात.

हा हात मी आजोळाहून आणला. वडिलांकडून काय आणलं ते सांगता येत नाही, कारण त्यांचा चेहराच मला आठवत नाही. त्यांनी आईला टाकलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मामा आला, दारात उभा राहिला, वडिलांच्या थोबाडात दोन ठेवून दिल्या, आणि आईला नि मला होडीत घालून घेऊन गेला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या दोन चपराकांचा आवाज मला आठवतो असंच वाटतं.

रत्नागिरीहून दक्षिणेला एसटीने तासभर गेलं की एक खाडी लागते. खाडी समुद्राला मिळायच्या जरा अलीकडे तिच्या पोटात तीन बेटं आहेत. आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. वरचा जुवा, मधला जुवा, खालचा जुवा. मामाचं घर मधल्या जुव्यावर. माड, थोडी भातशेती, कडेने कांदळवन, आणि ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक. त्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, म्हणजे शिंपल्यातले जीव. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. जुव्यावरच्या प्रत्येक बाईच्या तळव्यांवर या कालवांच्या रेघा असतात. माझ्याही आहेत.

जुव्यावर सगळं होडीतून येतं आणि होडीतूनच जातं. नवरी होडीतून, बाळंतीण होडीतून, गॅसचा सिलिंडर होडीतून, मढंसुद्धा होडीतून. बाहेरून बघायला येणाऱ्यांना हे फार सुंदर वाटतं. आता तर मोबाइल उंच धरून फोटो काढत माणसं येतात आणि ‘काय शांतता आहे हो इथे’ म्हणतात. मला हसू येतं. त्या शांततेत मी जेवढी हाणामारी पाहिली तेवढी नंतर कुठे पाहिली नाही. भांडण झाल्यावर माणूस तरातरा निघून जातो, गावाबाहेर फिरून येतो, डोकं थंड करतो. जुव्यावर निघून जायला जागा नाही. चारी बाजूंना पाणी. त्यामुळे भांडण तिथल्या तिथे, हातात येईल त्याने मिटवायचं. जाळ्याची खुंटी उपटली म्हणून एकाच्या पायावर कोयती घातलेली मी पाहिली आहे, आणि त्याच दोघांना आठवड्याने एका होडीत बसून बाजाराला जातानाही पाहिलं आहे.

मामा या सगळ्यांत वरचढ होता. तो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. त्याचा आजा शिडाच्या गलबतावर तांडेल होता आणि कौलं भरून पार मलबारापर्यंत जात असे, असं घरात अभिमानाने सांगत. मामाच्या वाट्याला गलबत आलं नाही, खाडीतली उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकडी ओंडका बांधलेली, होडी आली. पण चाल गलबताच्या तांडेलाचीच. मला पोहायला शिकवलं ते असं, की सात वर्षांची असताना एका हाताने उचलून होडीतून फेकलं. मी दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले ती त्याच्या दंडाला चावायलाच. तो हसला. ‘हां, आता नाय बुडायचीस,’ म्हणाला.

मी नऊ वर्षांची असताना आईला साप चावला. ओहोटीची वेळ होती. होडी चिखलात रुतून बसलेली आणि पाणी पार मधल्या प्रवाहात गेलेलं. मामाने आईला खांद्यावर टाकलं आणि तो कमरेएवढ्या चिखलातून चालत निघाला. मी काठावरून बघत होते. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग परत आला, आईला माडाच्या बुंध्याशी हळूच ठेवलं, वल्हं उचललं आणि चिखलाला मारायला सुरुवात केली. वल्हं मोडेपर्यंत मारत राहिला. नंतर चिखलाने भरलेल्या हातांनी मला उचलून घेतलं आणि मामीला म्हणाला, ‘आजपास्नं ही आपली.’ मामामामींना मूल नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. लग्न होऊन लांज्याला गेले, नोकरीसाठी रत्नागिरीत आले, तरी माहेर म्हटलं की मधला जुवाच. दर शिमग्याला मी तिथे जात असे.

शिमग्यात आमच्या देवीची पालखी देवळातून बाहेर पडते. देऊळ खाडीच्या काठावरच्या गावात आहे. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसवतात आणि पालखी घरोघर जाते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती भर दुपारच्या भरतीला होडीतून तिन्ही जुव्यांवर येते. ही होडी आमच्या घरची. सुकाणू मामाच्या हातात. हा मान घराकडे कधीपासून आहे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि आमच्याकडे मान म्हणजे काय ते जुव्याबाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. जमीन गेली तर माणूस मुंबईला जाऊन पोट भरतो. मान गेला तर त्या घरची माणसं गावात खाली मान घालून चालतात. मामीचं पायरीवर बसून ऐटीत भाजी निवडणं असो की मामाचं गावकीत चार शब्द मोठ्याने बोलणं असो, सगळं त्या एका दिवसाच्या जोरावर चालायचं.

या मानाला एक नियम आहे. पालखी ज्या होडीत बसली त्या होडीवर बाहेरून जो हात उचलील, त्याच्या घराचे सगळे मान कायमचे बंद. होडीतल्या माणसाने बाहेरच्याला मारलं तर चालतं, कारण तो देवीची राखण करतो. मामाला नियमाचा हा दुसरा भाग विशेष आवडत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात या नियमाची पाळी आली. खालच्या जुव्यावर एक तांडेल आहे, मामापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान. त्याने इंजिनाची फायबरची होडी घेतली आणि गावकीत म्हणायला लागला, की वल्ह्याच्या होडीने पालखी उशिरा पोचते, ओहोटी लागते, गेल्या साली देवी खालच्या जुव्यावर अर्धा घंटाच थांबली. इंजिन असलं तर सगळीकडे नीट वेळ मिळेल. खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता. पण मामा त्याला म्हणाला, ‘देवी काय ड्युटीवर जातेय, टायमात पोचायला?’ सगळे हसले. तो तांडेल हसला नाही. ‘तुमच्या म्हाताऱ्या हातांपायी आमच्या जुव्यानं देवीला मुकायचं काय?’ म्हणाला. म्हातारे हात हा शब्द मामाने घरी येऊन मामीला तीनदा सांगितला, आणि दर वेळी भिंतीवर मूठ मारून.

त्या दुपारी आम्ही बायका मधल्या जुव्याच्या धक्क्यावर ओटीची ताटं घेऊन उभ्या होतो. नवरा माझ्या मागे, माडाच्या सावलीत. तो लांज्याचा, काजूच्या बागांतला माणूस, पाण्याकडे तो नेहमी जरा संशयानेच बघतो. भरती पुरी चढली होती. ढोलांचा आवाज आधी आला, मग वळणावरून होडी दिसली. मधोमध पालखी, दोन्ही बाजूंना भोई, पुढे चार वल्हेकरी, आणि मागे सुकाणू धरून उभा मामा, पांढरं धोतर आणि लाल फेटा. मला दर वर्षी त्या क्षणी रडू येतं. त्या वर्षीही आलं.

डोळे पुसते न पुसते तोच इंजिनाचा आवाज आला. खालच्या जुव्यावरची फायबरची होडी खाडीच्या मधून सरळ आली. तिच्यात सहा-सातजण. तो तांडेल पुढे उभा, हातात लांब आकडीचा बांबू. त्याने आकडी आमच्या होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, अडकवली आणि ओरडला, ‘आदी आमच्याकडं! ओडा रे!’ इंजिन गुरगुरलं आणि आमची होडी देवीसकट तिरकी खेचली जाऊ लागली. ओढणं म्हणजे हात उचलणं नव्हे, असा त्याने मनाशी हिशेब केला होता. नियमाला बगल द्यायची ही त्याची युक्ती.

पहिला फटका आमचा. हे मी लपवणार नाही. मामाने सुकाणू एका वल्हेकऱ्याकडे दिलं, वल्हं उचललं आणि आकडी धरणाऱ्याच्या शेजारच्या पोराच्या तोंडावर आडवं मारलं. दातांचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू आला. तो पोरगा तोंड धरून खाली बसला आणि त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं. मग कुणी कुणाला विचारलं नाही. त्यांच्यातले दोघे पाण्यात उडी मारून आमच्या उलांडीला लोंबकळले. आमचे वल्हेकरी त्यांच्या बोटांवर वल्ही मारू लागले. एकाचं बोट लाकडावर चेचलं गेलेलं मी पाहिलं. होडी कलली तसे भोई पालखीला मिठ्या मारून बसले. त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून ते फक्त शिव्या देत होते, आणि शिमग्याच्या शिव्या काय असतात ते मी इथे लिहीत नाही. ढोलवाला मात्र ढोल वाजवतच होता. कुणी त्याला थांब म्हटलंच नव्हतं.

होड्या वाहत वाहत आमच्या धक्क्यापासून दहा-बारा हातांवर आल्या. बायका ओरडत होत्या, चिखलाचे गोळे फेकत होत्या, नारळाची सोडणं फेकत होत्या. मी ओटीचं ताट कुठे टाकलं मला आठवत नाही. माझ्या अंगाची आग झाली होती, आणि खरं सांगते, त्या आगीत भीती नव्हती, मजा होती. कुणालातरी फोडावं असं वाटत होतं. तेवढ्यात त्या तांडेलाने आकडी टाकून वल्हं उचललं. मामा त्याच्याकडे पाठ करून उलांडीवरच्या माणसाला तुडवत होता. मी वाकले. हाताला दगड लागला, कालवांनी मढलेला, तळवा कापत गेला तरी मी सोडला नाही. त्या तांडेलाच्या डोक्याचा नेम धरला आणि सगळ्या जोराने मारला.

मामा त्याच क्षणी वळला.

दगड मामाच्या डाव्या डोळ्यावर बसला. मी दगडाचा सगळा रस्ता पाहिला. माझ्या हातातून सुटल्यापासून लागेपर्यंत. मामाचं डोकं मागे गेलं, फेटा पाण्यात पडला. तांडेलाचं वल्हं वरच्या वर होतं, ते त्याने खाली आणलंच नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की उचललेलं वल्हं आणि रक्ताने भरलेला मामा. ‘मारलान! देवीच्या होडीवर हात टाकलान!’ असा एकच गिल्ला झाला.

मामा पडला नाही. त्याने चाचपडत सुकाणू परत हातात घेतलं. चेहऱ्याची अर्धी बाजू लाल, धोतरावर रक्त ठिबकतंय, आणि हा होडी धक्क्याला लावतोय. पालखी कोरडी उतरली. तिला पाण्याचा थेंब लागला नाही. भोयांनी ती खांद्यावर घेतली तेव्हा मामाने हात जोडले आणि मग होडीतच गुडघ्यांवर आला. आमच्या माणसांनी त्या तांडेलाला चिखलात ओढलं आणि नारळ सोलायच्या पद्धतीने सोलला. त्याचा हात मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी तिथेच उभी होते. माझ्या तळव्यातून रक्त गळत होतं आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.

मामाला त्याच फायबरच्या होडीतून पलीकडे नेलं. कोणती होडी लवकर पोचेल हे माझ्या नवऱ्यालाच सुचलं, आमच्यातल्या कुणाला नाही. मामा शुद्धीवर असता तर त्या होडीत बसलाच नसता. काठावरून गाडीने रत्नागिरीत. डॉक्टरांनी दोन तासांनी बाहेर येऊन सांगितलं, की डोळा गेला. मग म्हणाले, ‘जखमेत शिंपल्याचे तुकडे होते.’ मामी म्हणाली, ‘वल्ह्याला कालवं चिकटतात ओ.’ डॉक्टरांनी मान हलवली. मी माझा हात पदरात गुंडाळून बसले होते.

पोलीस आले. मामाने जबाब दिला, की त्याच तांडेलाने वल्हं मारलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने शेवटचं पाहिलं ते तेच. तांडेलाला त्याच्या मोडक्या हातासकट ताब्यात घेतलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला वाटलं, मामाचा डोळा तर गेलाच आहे, आता सांगून मान कशाला घालवायचा? कारण हात बाहेरून उठला होता आणि तो आमच्याच घरचा होता. नियम सगळ्यांना सारखा. हे कळलं तर पालखीची होडी आमच्या घरची राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या तांडेलाची बायको इस्पितळात आली. पोटाशी पदर धरून मामीसमोर उभी राहिली. ‘आत्ये, देवीची आन घेऊन सांगतंय, ह्यांनी वल्हं उचललंनी, पर मारलं नाय. घरात दोन चेडवा हायत माज्या. आमचा मान बंद झाला तर पोरींना कोण करंल?’ मामीने तिच्या तोंडात मारली. माझी मामी, जिने माझ्यावर कधी हात टाकला नाही. ती बाई भिंतीवर आपटली, खाली बसली आणि तशीच बसून राहिली. मी तिला उठवलं नाही. पाण्याचं भांडं माझ्या हातात होतं, तेही दिलं नाही. आजही मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती दगडाची नाही, त्या पाण्याच्या भांड्याची.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने माझा तळवा उलटा करून कापलेल्या रेघा पाहिल्या. मग म्हणाला, ‘दगड तुझाच होता कशावरून? सगळ्याच फेकत होत्या.’

‘सगळ्या चिखल फेकत होत्या. दगड माझाच.’

‘मग सांग,’ तो म्हणाला. ‘पण आधी मामांना सांग. बाकीच्यांचं ते ठरवतील.’

रंगपंचमीला देवीची रूपं उतरवून पालखी पुन्हा देवळात ठेवतात. रूपं उतरायच्या आधी देवळासमोर सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, गावकी जमते आणि शिमग्यातले वाद तिथेच संपवते. त्या तांडेलाच्या घराचे मान बंद करायचे हे ठरल्यातच जमा होतं. मामाने डॉक्टरांशी भांडून सुट्टी घेतली. मी त्याच्याबरोबर जुव्यावर गेले. रंगपंचमीच्या सकाळी मामी विहिरीवर गेली होती तेव्हा मी त्याला सांगितलं. लपवाछपवी न करता, एका दमात. दगड कुठून उचलला, नेम कुणावर होता, सगळं.

त्याने मला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. मी पडले, ओठ फाटला. पुन्हा उठून उभी राहिले तर पुन्हा मारलं. मी त्याला चावले नाही. मला बरं वाटत होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट आला. मग तो पायरीवर बसला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून पाणी. शेवटी म्हणाला, ‘कुणाला म्हायती?’

‘ह्यांना फक्त.’

‘बरं.’ मग जरा थांबून, ‘तो मेला उगाच मार खाऊन बसला.’ मामाच्या तोंडी त्या तांडेलासाठी एवढा कळवळा मी पहिल्यांदाच ऐकला.

त्याने नवीन फेटा पट्टीवरून बांधून घेतला. मामीला काहीच सांगितलं नाही. धक्क्यावर आल्यावर मला म्हणाला, ‘वल्हं घे. माजी नजर बसत नाय.’ पालखीच्याच होडीतून आम्ही तिघं निघालो. मी वल्हवत होते, ओठातून रक्त येत होतं, आणि मामा नेहमीसारखा माझ्या चुका काढत होता. ‘मनगाट वळव. लांज्याला जाऊन सगळं इसरलंस.’ मला वाटलं, हा आता मान सोडणार. सगळ्यांसमोर खरं सांगणार, त्या तांडेलाला सोडवणार आणि होडी दुसऱ्या घराला देणार. माझ्यासाठी. असं वाटून मला इतकं भरून आलं की मी वल्हं दोनदा चुकीचं टाकलं.

सहाणेवर गाव जमलं होतं. तो तांडेल पोलिसांकडून सुटून आला होता, हात गळ्यात बांधलेला, चेहरा सुजलेला. त्याची बायको बायकांच्या मागे उभी. मामा पुढे झाला. बोलायला लागायच्या आधी त्याने मला दंडाला धरून मध्ये उभं केलं.

‘माझा डोळा ह्येनं घालवला नाय,’ तो त्या तांडेलाकडे बोट दाखवून म्हणाला. ‘दगूड लागला. दगूड हिनं मारलंन. हिनं स्वतः सांगितलंन मला. पोलिसांना पण मीच सांगतंय.’

मग वरच्या जुव्यावरच्या एकाने तेच विचारलं जे सगळ्यांच्या मनात होतं. ‘म्हंजे हात तुमच्याच घरचा. मग होडीचा मान गेला की तुमचा.’

‘आमचा कसा?’ मामाचा आवाज चढला. ‘ही आमच्या घरची कदी झाली? हिचा बापूस कुठला, तुमाला म्हायती? हिची आईस लगीन करून दिल्याली, तिचं घर ता तिच्या नवऱ्याचं. ही स्वतः लांज्याकरांची सून. आमच्या घरात ऱ्हायली, चार घास खाल्लंन, एवढंच. पाव्हणी म्हणून येते. पाव्हणीनं मारलंन, त्यात आमच्या घराचा काय दोष?’

मामीने मोठ्याने श्वास घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. मामाही पाहत नव्हता. त्याने माझा दंड मात्र सोडला नव्हता. त्याची बोटं इतकी रुतली होती की नंतर आठवडाभर तिथे वळ होते.

म्हाताऱ्या मानकऱ्यांनी डोकी जवळ आणली. बोलणं बराच वेळ चाललं. रीतीला धरून मामाचं म्हणणं बरोबर होतं, कुणालाच त्यात खोट काढता येईना. लेकीची लेक, परक्या घरी दिलेली. हात परका. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, ‘हात परका, हे मानलं. पर देवीच्या होडीवर हात उठला, हेही खरं. परक्याला मान नाय, मग बंद करायचं काय?’ आणि स्वतःच उत्तर दिलं. ‘त्या माणसानं यापुढं खाडी वलांडून जुव्यावर यायाचं नाय. कदीच.’

मामाचा एक डोळा मिटला. उघडला. ‘मान्य हाय,’ तो म्हणाला.

मी त्याला मारायला हवं होतं. माझ्यासारखीने त्याच्या पट्टीवर ठोसा मारायला हवा होता. हात उठलाच नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की दगड मी मारला, डोळा मी घालवला, आणि हा माणूस त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट वाचवतोय. दोन्ही खरं होतं. त्यातलं एकही दुसऱ्याने कमी होत नव्हतं.

गुरव पालखीसमोर उभा राहिला. गावकीत जे ठरतं ते तो देवीच्या कानावर घालतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याच्या एकेका वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा, तरच ते देवीला मान्य होतं. जुव्यावरच्या पोरांना बोलता येण्याआधी हा होकार देता येतो. गुरवाने डोळे मिटून हात जोडले.

‘बा देवी म्हाराजा, आज तुज्या सहाणेवर तिनी जुव्यांचं गाव गोळा झालंय...’

‘व्हय म्हाराजा!’

‘खालच्या जुव्यावरच्या घरावर आळ आला होता, तो खोटा ठरलाय, त्यांचा मान त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे...’

‘व्हय म्हाराजा!’ त्या तांडेलाची बायको रडत रडत ओरडली.

‘तुज्या होडीचा मान मधल्या जुव्यावरच्या घराकडं होता तसाच ऱ्हाऊ दे, त्या घराच्या हातून चूक झाली नाय...’

‘व्हय म्हाराजा!’ मामाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

‘ज्या हातानं चूक झाली तो हात त्या घरचा न्हवता, परका होता, त्याचा नि त्या घराचा काय संबंद नाय, हे तू मानून घे रं म्हाराजा...’

मामी म्हणाली, मामा म्हणाला, सगळं गाव म्हणालं. आणि लहानपणापासून गाऱ्हाण्याला होकार द्यायची लागलेली सवय, तिने मला विचारलंच नाही. फाटलेल्या ओठांनी, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून, मीही मोठ्याने म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’